एमएस्सी एमएलटीचा प्रबंध: एमसीआयएम पॉझिटिव्ह, ईसीआयएम निगेटिव्ह आणि सबमिशन तोंडावर

पंचवटी_लॅब

नमस्कार मंडळी. एमएस्सी एमएलटी, मायक्रोबायोलॉजी, शेवटचं वर्ष, नाशिक. प्रबंधाचा विषय असा: रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेल्या क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूमध्ये कार्बापेनेमेज (मेरोपेनेमसारखी प्रतिजैविकं तोडणारं एन्झाइम) आहे का ते एमसीआयएमने, आणि ते झिंकवर चालणाऱ्या गटातलं (एमबीएल) आहे का ते झिंक बांधणारं ईडीटीए घातलेल्या ईसीआयएमने बघायचं आणि ते निकाल पीसीआरशी (जीन शोधणारी चाचणी) पडताळायचे. एथिक्स कमिटीची मंजुरी सुरुवातीलाच घेतलेली आहे. आयसोलेट (नमुन्यांतून वेगळे केलेले जंतू) गोळा करणं जवळपास उरकलंय. पीसीआरची सोय इथे नाही, पुण्याला करून घ्यायचं ठरलंय.

अडलंय ते इथे:

१. मेरोपेनेमला रेझिस्टंट असलेल्या बऱ्याच आयसोलेटचा एमसीआयएम ठणठणीत पॉझिटिव्ह येतो, म्हणजे झोन (डिस्कभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) ६ मिमी, वाढ थेट डिस्कच्या कडेपर्यंत. पण त्यांतल्या पुष्कळांचा ईसीआयएमसुद्धा ६ मिमीच, म्हणजे निगेटिव्ह. आपल्याकडे एनडीएम (एक एमबीएल) जास्त, असं बहुतेक पेपर सांगतात. मग इतके ईसीआयएम निगेटिव्ह कसे? पद्धतीत खोट आहे की खरंच असं असू शकतं?

२. काही प्लेटवर झोन १७ मिमी आणि आत टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती. या कशात धरायच्या?

३. सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या मंजूर आराखड्यात) सॅम्पल साइझ १५० लिहिलाय, तेवढे आयसोलेट होत नाहीयेत. गाइड मॅडमनी सुचवलंय की रामकुंड आणि पुढे तपोवनाकडचं गोदावरीचं पाणी घेऊन त्यातले क्लेबसिएला जोडता येतात का बघ. चालेल का?

४. स्टॅटिस्टिक्समध्ये नुसते टक्के आणि काय-स्क्वेअर पुरतं का?

पद्धत: २ मिली टीएसबीत (द्रव माध्यम) लूपभर वाढ, १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क, ३५ अंशांवर ४ तास, दुसऱ्या नळीत ईडीटीए, मग दोन्ही डिस्क एटीसीसी २५९२२ या प्रमाणित, मेरोपेनेमने मरणाऱ्या ई. कोलायच्या लॉनवर (प्लेटभर पसरलेल्या थरावर). ईडीटीएचा स्टॉक डिपार्टमेंटमध्ये आधीपासून बनवलेला होता, तोच वापरला.

अगार_आणि_आम्ही

प्रश्न १ पुरतं बोलतो. आधी ती ईडीटीएची बाटली बाजूला काढा. 'आधीपासून बनवलेला' हे शब्द वाचले की पहिला संशय तिथेच जातो.

०.५ मोलर म्हणजे डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट १८.६ ग्रॅम, शेवटचं आकारमान १०० मिली. साधारण ८० मिली पाण्यात पावडर टाकायची, स्टररवर ठेवायची आणि सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत पीएच ८.० पर्यंत आणायचा. पीएच ८ च्या जवळ येईपर्यंत ही पावडर विरघळत नाही. घाईत कोणी तशीच बाटली भरून वर '०.५ मोलर' लिहिलं असेल तर तळाशी पांढरा थर दिसेल, आणि वरचं पाणी ०.५ मोलर नसेल. नवा स्टॉक बनवा, ऑटोक्लेव्ह करा, तारीख घाला.

मग मात्रा. २ मिली टीएसबीत ०.५ मोलरचा २० मायक्रोलिटर, म्हणजे नळीत ५ मिलिमोलर. चुका दोन्ही बाजूंनी होतात. मॉलिक्युलरच्या फ्रीजमधली ०.१ मोलरची बाटली उचलली तर नळीत १ मिलिमोलरच पडतो, झिंक पुरेसं बांधलं जात नाही, एनडीएम कामाला लागलेलंच राहतं आणि तुम्हाला ईसीआयएम निगेटिव्ह दिसतो. उलट पिपेट चुकून २०० वर राहिली तर डिस्कमध्ये ईडीटीएच इतका भिजतो की तो प्लेटवरच्या ई. कोलायला स्वतःच त्रास देतो. मग केपीसीसुद्धा (झिंक न लागणारं, सेरीन गटातलं कार्बापेनेमेज) एमबीएलसारखं दिसायला लागतं.

खोट पद्धतीत आहे की जंतूत, हे ओळखायला एकच मार्ग: क्यूसी, म्हणजे माहीत असलेल्या जंतूंवर चाचणी तपासणं. प्रत्येक बॅचला तीन एटीसीसी स्ट्रेन लावा.

बीएए-१७०५ (केपीसी): एमसीआयएम पॉझिटिव्ह, ईसीआयएम निगेटिव्ह.
बीएए-२१४६ (एनडीएम): एमसीआयएम पॉझिटिव्ह, ईसीआयएम पॉझिटिव्ह.
बीएए-१७०६ (कार्बापेनेमेज नसलेला): एमसीआयएम निगेटिव्ह.

२१४६ चा झोन ईडीटीएच्या नळीतून आल्यावर ५ मिमी किंवा जास्त वाढला, तर तुमच्या ईडीटीएला दोष देता येणार नाही. ज्या दिवशी २१४६ लावलेलाच नाही त्या दिवसाचे ईसीआयएम निकाल प्रबंधात घालू नका. परीक्षकाने विचारलं तर उत्तर नसतं.

आता नळीकडे. एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी (क्लेबसिएला, ई. कोलायचा गट) १ मायक्रोलिटरचा लूप, १० चा नाही. १० चा स्यूडोमोनाससाठी. 'लूपभर' असं लिहिलंय म्हणून विचारतोय, कोणता लूप? वाढ ब्लड अगारवरची, रात्रभराची. व्हॉर्टेक्स १० ते १५ सेकंद. डिस्क पूर्ण बुडाली पाहिजे, नळीच्या भिंतीला चिकटलेली चालत नाही. ४ तास म्हणजे ४ तास, १५ मिनिटं इकडेतिकडे.

इथे नाशिकची एक खास अडचण. थंडीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, शहरातल्या लॅबही सकाळी गार असतात. फ्रीजमधून काढलेली टीएसबी तशीच वापरली तर इन्क्युबेटरमध्ये ३५ अंशांवर यायलाच तिचा बराच वेळ जातो, त्यातून रॅक ॲल्युमिनियमऐवजी थर्माकोलचा असेल तर आणखी. एन्झाइमला पूर्ण ४ तास मिळत नाहीत. जोमदार एनडीएमला फरक पडत नाही, पण ऑक्सा-४८ गट (आणखी एक प्रकारचं कार्बापेनेमेज) मेरोपेनेम सावकाश तोडतो, तो नेमका अशा वेळी हुकतो. टीएसबी आधी खोलीच्या, जमलं तर इन्क्युबेटरच्या तापमानाला आणा.

४ तास संपत आले की ई. कोलाय २५९२२ चं ०.५ मॅकफार्लंड (ठरलेल्या गढूळपणाचं मिश्रण) तयार ठेवा. लॉन डिस्क काढायच्या आधीच्या १५ मिनिटांत घातलेली हवी. डिस्क १० मायक्रोलिटरच्या लूपने काढा आणि काढताना नळीच्या आतल्या कडेला दाबून घासत वर आणा म्हणजे जादा द्रव निथळतो. ओली डिस्क प्लेटवर ठेवली की भोवती टेस्ट जंतूचंच कडं उगवतं. एका आयसोलेटच्या दोन्ही डिस्क एकाच प्लेटवर, आणि १०० मिमीच्या प्लेटवर जास्तीत जास्त ४ डिस्क. म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाडीचं. ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी २५ मिली लागतं. अगार वाचवायला १५-१८ मिलीत भागवलं की झोन फुगतात आणि काठावरचे सगळे निकाल सरकतात.

हे सगळं नीट असूनही ईसीआयएम निगेटिव्हच येत असेल, तर मग तो जंतूचाच स्वभाव. आपल्याकडच्या क्लेबसिएलात एनडीएम आणि ऑक्सा-४८ गटातलं एन्झाइम एकाच पेशीत असणं नवलाचं नाही. ईडीटीए फक्त झिंकवर चालणाऱ्या एनडीएमला गप्प करतो. ऑक्सा-४८ सेरीन गटातलं, त्याला ईडीटीएचं सोयरसुतक नाही. ते मेरोपेनेम तोडतच राहतं आणि दोन्ही नळ्यांतून ६ मिमी येतं. ईसीआयएमची ही मर्यादा सीएलएसआयच्या (अशा चाचण्यांचे निकष ठरवणारी संस्था) दस्तऐवजातही नोंदलेली आहे. म्हणून '६ आणि ६' या निकालाचा अर्थ 'एमबीएल नाही' असा लिहू नका. 'फक्त सेरीन किंवा दोन्ही मिळून, वेगळं करण्यासाठी जीनचाचणी' असा लिहा. खरं सांगायचं तर तुमच्या प्रबंधात सांगण्यासारखं जे काही आहे ते याच आयसोलेटमध्ये आहे. यांना अडचण समजून बाजूला टाकू नका.

सातपूर_मायक्रो

प्रश्न २ चं उत्तर छोटं आहे.

एमसीआयएम: ६ ते १५ मिमी पॉझिटिव्ह. १६ ते १८ मिमी आणि आत टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती, हेही पॉझिटिव्ह. तुमची १७ मिमीची प्लेट इथे बसते. १६ ते १८ पण आत वसाहत नाही, तर इंडिटरमिनेट (अनिर्णित). १९ किंवा जास्त आणि झोन स्वच्छ, निगेटिव्ह. १९ किंवा जास्त पण आत वसाहती, पुन्हा इंडिटरमिनेट. डिस्कला अगदी लागून बारीक कडं आणि बाहेर स्वच्छ मोठा झोन असेल तर ते निथळलेल्या द्रवातून आलेलं, सोडून द्या.

ईसीआयएम वाचताना मात्र झोनमधल्या बारीक वसाहती मोजायच्या नाहीत, फक्त झोनची कड बघायची. खूप जण इथे घसरतात, कारण एकाच प्लेटवर शेजारी शेजारी दोन डिस्क आणि दोघींचे नियम वेगळे. एमसीआयएमपेक्षा ५ मिमी किंवा जास्त वाढ म्हणजे एमबीएल, ४ किंवा कमी म्हणजे नाही. आणि एमसीआयएम पॉझिटिव्ह असेल तरच ईसीआयएम वाचायचा.

इंडिटरमिनेट आलं तर टेस्ट जंतू आणि २५९२२ दोन्ही शुद्ध आहेत का ते सबकल्चर करून बघा, मग पुन्हा लावा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर तसंच नोंदवा. बळेच पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या कप्प्यात ढकलू नका.

आणखी एक. यूट्यूबवर पाण्यात २ तास डिस्क ठेवायची पद्धत दिसते. ती २०१५ ची मूळ सीआयएम. एमसीआयएम सीएलएसआयमध्ये २०१७ ला आली, ईसीआयएम २०१८ ला. मटेरियल अँड मेथड्समध्ये दोन्हींची खिचडी झालेले प्रबंध बघायला मिळतात.

गंगापूररोड_स्टॅट

नदीच्या पाण्याबद्दल आधी, कारण ते अजून घडायचंय आणि थांबवता येईल. मॅडमना आदरपूर्वक नाही म्हणा.

तुमचा प्रश्न रुग्णांच्या आयसोलेटबद्दल आहे. छेदस्थानी रुग्ण आहेत. त्यात रामकुंडातले जंतू मिसळले की 'किती टक्के' या आकड्याला अर्थच राहत नाही: टक्के कशाचे? शिवाय नदीत असे जंतू असतात ज्यांच्या गुणसूत्रावरच कार्बापेनेमेज असतं. एरोमोनासच्या काही प्रजातींत सीपीएचए, स्टेनोट्रोफोमोनासमध्ये एल-१, आणि ऑक्सा-४८ चं मूळ घरच मुळी शेवानेला. मेरोपेनेम घातलेल्या माध्यमावर पाणी गाळून पसरलं की हीच मंडळी आधी उगवतात. त्यांचा एमसीआयएम पॉझिटिव्ह आला म्हणून रुग्णालयाचं सांडपाणी नदीत आलं असं सिद्ध होत नाही. आणि हे सगळं मंजूर सिनॉप्सिसमध्ये नाही, म्हणजे एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज आला. गोदावरीचा विषय चांगला आहे, पण तो पुढच्या विद्यार्थ्याचा स्वतंत्र प्रबंध आहे.

आता १५०. हा आकडा कुठून आला ते सांगता येईल. ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एल वर्ग. पी (अपेक्षित प्रमाण) ४० टक्के धरला, क्यू (१०० वजा पी) ६०, आणि एल (चालणारी चूक) म्हणजे पी च्या २० टक्के, म्हणजे ८. ९६०० भागिले ६४, बरोबर १५०. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये हेच असतं. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, एल पी च्या प्रमाणात घेतलाय, सरळ टक्क्यांत नाही. तसं स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षक ५ टक्के धरून गणित करतो आणि विचारतो की ४०० च्या आसपास का नाही. दोन, हे सूत्र 'किती टक्के आयसोलेटमध्ये कार्बापेनेमेज' या प्रश्नासाठी आहे. तुमचा दुसरा उद्देश, पीसीआरशी तुलना, त्याला हे लागू पडत नाही.

सेन्सिटिव्हिटीसाठी (खऱ्या पॉझिटिव्हपैकी किती पकडले) गणित पॉझिटिव्ह आयसोलेटवर चालतं. अपेक्षित सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के, चूक ५ टक्के धरली तर ३.८४ गुणिले ०.९५ गुणिले ०.०५ भागिले ०.००२५, म्हणजे ७३ पीसीआर-पॉझिटिव्ह हवेत. एकूण आयसोलेटपैकी ४० टक्के पॉझिटिव्ह निघतील असं धरलं तर १८३ लागतात. तुम्ही जर फक्त मेरोपेनेम-रेझिस्टंट आयसोलेट घेतले असतील तर पॉझिटिव्ह पटकन जमतील, पण निगेटिव्ह मोजकेच उरतील आणि स्पेसिफिसिटीचा (खऱ्या निगेटिव्हपैकी किती निगेटिव्ह दाखवले) आकडा डळमळीत होईल. त्यामुळे कोणते आयसोलेट घेतले, सगळे सलग की फक्त रेझिस्टंट, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

१५० होत नसतील तर दोन प्रामाणिक रस्ते आहेत. आयईसीकडून (एथिक्स कमिटी) मुदतवाढ घ्या, किंवा जेवढे झाले तेवढे ठेवा आणि प्रत्येक टक्क्यापुढे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. संख्या कमी पडली की इंटरव्हल रुंद होतो, वाचणाऱ्याला ते दिसतं, विषय संपला. सूत्रातला पी मागाहून बदलून 'आमचे ११० च लागत होते' असं दाखवू नका. मंजूर सिनॉप्सिसची प्रत परीक्षकाच्या हातात असू शकते.

एकाच रुग्णाचे दोन-तीन आयसोलेट धरलेत का, तेही तपासा. एका रुग्णाचा पहिलाच घ्यायचा. आयसीयूतला एकच रुग्ण युरिन, ईटी सिक्रीशन (श्वासनलिकेतला स्राव) आणि ब्लड अशा तीन ओळींत असेल तर तुमचे टक्के फुगलेत. व्होनेट (अशा नोंदींचं सॉफ्टवेअर) मोफत आहे, झोन मिलिमीटरमध्ये भरा, पहिला आयसोलेट ते वेगळा काढून देतं.

प्रश्न ४. काय-स्क्वेअर इथे मुख्य नाही. एमसीआयएम आणि पीसीआर एकाच आयसोलेटवर केलेल्या चाचण्या आहेत. त्यांचा 'संबंध आहे' हे काय-स्क्वेअरने दाखवणं म्हणजे उघड्या दारावर धक्के मारणं. हवं ते असं: दोन बाय दोनचा तक्ता, सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी, त्यांचे इंटरव्हल आणि कप्पा (योगायोग वगळून दोन चाचण्या किती जुळतात तो आकडा).

समजा १२० आयसोलेट. दोन्ही पॉझिटिव्ह ६६, फक्त एमसीआयएम पॉझिटिव्ह ३, फक्त पीसीआर पॉझिटिव्ह ५, दोन्ही निगेटिव्ह ४६. सेन्सिटिव्हिटी ७१ पैकी ६६, म्हणजे ९३.० टक्के, विल्सनच्या पद्धतीने इंटरव्हल साधारण ८५ ते ९७. स्पेसिफिसिटी ४९ पैकी ४६, ९३.९ टक्के. जुळणी १२० पैकी ११२, म्हणजे ०.९३३, योगायोगाने जुळण्याची अपेक्षा ०.५१४, कप्पा ०.८६. एक्सेलमध्ये हाताने एकदा करून बघा, मग एसपीएसएसचा आकडा त्याच्याशी ताडा. व्हायवात 'कप्पा म्हणजे काय' विचारतातच.

पीपीव्ही-एनपीव्ही (पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह निकाल खरा असण्याचं प्रमाण) लिहायचे असतील तर ते तुमच्या आयसोलेटमधल्या प्रमाणावर अवलंबून आहेत, दुसऱ्या रुग्णालयाला लागू नाहीत, हे वाक्य सोबत हवं.

नाशिकरोड_पीसीआर

पुण्याला पाठवायच्या आधी हे वाचा.

एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी हे जीन बहुधा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) असतात. औषध नसलेल्या माध्यमावर वारंवार सबकल्चर केलं की प्लाझ्मिड निसटू शकतं. मग एमसीआयएम सुरुवातीचा पॉझिटिव्ह आणि पीसीआर महिन्यांनंतरचा निगेटिव्ह, आणि तुम्ही चर्चेत त्याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणता. साठवलेल्या आयसोलेटवरून पीसीआर करताना सबकल्चरच्या पहिल्या स्ट्रीकवर अर्टापेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवा आणि डिस्कजवळची वाढ उचला. त्याच वाढीतून त्याच दिवशी एमसीआयएम पुन्हा लावा. एकच वाढ, दोन्ही चाचण्या. मग तुलना खरी.

साठवण १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये, उणे ८० ला. उणे ८० नसेल तर उणे २० चालवतात, पण फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको, तो स्वतःहून गरम-गार होत राहतो. प्रत्येक आयसोलेटच्या दोन व्हायल, एक उघडायचीच नाही.

जिवंत कल्चर पाठवायचं असेल तर तिहेरी पॅकिंग: गळणार नाही अशी व्हायल, त्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि दुसरा घट्ट डबा, बाहेर कडक खोका, त्यावर यूएन ३३७३ ची खूण, आणि असा माल घेणारं कुरिअर. एसटीच्या डिकीत थर्मासचा डबा टाकून कंडक्टरला दोन शब्द सांगायचे, हा प्रकार करू नका. त्यापेक्षा डीएनए इथेच काढा. कॉलम किटने काढलेला डीएनए बर्फाच्या पॅकवर पाठवला की जंतू पाठवायची भानगडच राहत नाही. उकळून काढलेला लायसेट (२-३ वसाहती १०० मायक्रोलिटर न्यूक्लिएज-फ्री पाण्यात, ९५ अंश १० मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी) त्याच दिवशी पीसीआर होणार असेल तर छान चालतो, प्रवासाला आणि साठवणीला कच्चा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत राहिला तर भरवसा धरू नका.

तिन्ही जीन मागवा, फक्त एनडीएम नको. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मल्टिप्लेक्स प्रायमरने एनडीएम ६२१, ऑक्सा-४८ ४३८ आणि केपीसी ७९८ बेसपेअरवर दिसतात. दीड टक्का अगारोज, १०० बेसपेअरचा लॅडर, तिन्ही पट्टे सहज वेगळे. वरच्या '६ आणि ६' वाल्यांना ऑक्सा-४८ मागवलाच नाही तर उत्तर मिळणार नाही. प्रत्येक रनला पॉझिटिव्ह कंट्रोल, पाण्याचा कंट्रोल, आणि जमलं तर १६एस (सगळ्या जंतूंत असणारा जीन). १६एसचा पट्टा आला आणि जीनचा नाही, तरच 'जीन नाही' म्हणता येतं. १६एसही नसेल तर मुळात डीएनएच नव्हता.

जेलचा फोटो पूर्ण मागून घ्या, कापलेला नको. वेलचे नंबर आणि आयसोलेटचे नंबर यांचा तक्ता त्याच दिवशी.

पंचवटी_लॅब

खूप खूप आभार सगळ्यांचे. ईडीटीएच्या तळाशी थर आहे, नवा बनवतेय. २१४६ आमच्याकडे आहे पण प्रत्येक बॅचला लावलेला नाही. लूप १ चाच होता. दोन शंका राहिल्या. जुने सगळे ईसीआयएम पुन्हा लावायचे का? आणि एमसीआयएम पॉझिटिव्ह पण तिन्ही जीन निगेटिव्ह निघाले तर काय लिहायचं?

अगार_आणि_आम्ही

ज्या बॅचला २१४६ नाही त्या पुन्हा. आणि तळाशी थर असेल तर ज्या बॅचला आहे त्यांतलेही '६ आणि ६' वाले पुन्हा लावा, कारण बाटली हलवून घेतली की न हलवता, यावर त्या दिवशीची मात्रा ठरली असेल. ज्यांचा ईसीआयएम पॉझिटिव्ह आला आणि त्या दिवशी १७०५ निगेटिव्ह होता, ते राहू द्या. पुन्हा लावल्याचं मेथड्समध्ये एका वाक्यात कारणासह लिहा. मास्टर चार्टमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही झोन ठेवा, जुना आकडा खोडू नका.

दुसऱ्या शंकेचं: 'फॉल्स पॉझिटिव्ह' हा शब्द टाळा. तुम्ही तीनच जीन शोधलेत. व्हीआयएम, आयएमपी किंवा एखादं वेगळं एन्झाइम असू शकतं, प्रायमरच्या जागी बदल झालेला असू शकतो. 'तपासलेल्या जीनपैकी एकही आढळला नाही' एवढंच लिहा. उलट बाजूला जीन आहे पण एमसीआयएम निगेटिव्ह असेल तर आधी कोणता जीन ते बघा. ऑक्सा-४८ असेल तर आश्चर्य नाही. एनडीएम असेल तर नळी-वेळ-तापमान पुन्हा तपासा.

दिंडोरीरोड_परीक्षक

लिखाणाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

सीएलएसआय एम-१०० (झोनच्या मर्यादांचे तक्ते) ची एकच आवृत्ती धरा आणि सगळे झोन तिच्यानेच वाचा. मेरोपेनेम एन्टेरोबॅक्टेरेल्सला २३ मिमी किंवा जास्त सेन्सिटिव्ह, १९ किंवा कमी रेझिस्टंट, हे बरीच वर्षं तसंच आहे. पण अमिकासिन २०२३ च्या आवृत्तीत बदललं: आता २० किंवा जास्त असेल तरच सेन्सिटिव्ह, पूर्वी १७ होतं. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचे आकडे २०२२ मध्ये बदलले. लॅबच्या भिंतीवरचा लॅमिनेट केलेला चार्ट कोणत्या सालचा आहे ते बघूनच त्याच्यावर विसंबा. झोन मिलिमीटरमध्ये नोंदलेले असतील तर पुन्हा वाचन तासाभराचं काम आहे; नुसतं एस-आय-आर (सेन्सिटिव्ह-इंटरमीडिएट-रेझिस्टंट) लिहून ठेवलं असेल तर परत प्लेट लावाव्या लागतील.

कोलिस्टिनची डिस्क लावली असेल तर तो कॉलमच काढून टाका. कोलिस्टिन अगारमध्ये नीट पसरत नाही, डिस्कचा झोन ग्राह्य नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन केलं असेल तरच लिहा. तिथेही २ मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा कमी म्हणजे 'इंटरमीडिएट', 'सेन्सिटिव्ह' असा गटच सीएलएसआयने २०२० पासून ठेवलेला नाही.

ओळख पटवण्याचा तक्ता जरूर द्या: इंडोल निगेटिव्ह, एमआर निगेटिव्ह, व्हीपी पॉझिटिव्ह, सायट्रेट पॉझिटिव्ह, युरिएज सावकाश पॉझिटिव्ह, चलनवलन नाही. क्लेबसिएला न्यूमोनिए मुळातच ॲम्पिसिलिनला रेझिस्टंट असतो. तुमच्या चार्टमध्ये एखादा ॲम्पिसिलिन-सेन्सिटिव्ह दिसला तर ओळख चुकली किंवा नळी बदलली. चलनवलन असलेला आणि ऑर्निथिन पॉझिटिव्ह निघालेला एरोजेनिस (पूर्वीचा एन्टेरोबॅक्टर) असण्याची शक्यता मोठी. २०१७ पासून तोही क्लेबसिएला झालाय, पण तुमच्या विषयात न्यूमोनिए लिहिलंय.

इंट्रोडक्शनमध्ये २००९ च्या एनडीएमच्या पहिल्या नोंदीवर दोन पानं खर्च करू नका, दोन ओळी बास. परीक्षक सरळ निकालांचे तक्ते उघडतो. तिथे त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत आयसोलेटचा हिशोब हवा असतो: किती मिळाले, पुनरावृत्ती म्हणून किती गाळले, किती साठवणीतून उगवले नाहीत, किती पीसीआरला गेले. स्टार्ड २०१५ (निदान-चाचण्यांचे अभ्यास लिहिण्याचे निकष) मध्ये अशा अभ्यासासाठी प्रवाहआकृती सांगितलेली आहे, ती काढा. सगळ्या तक्त्यांतली बेरीज त्या आकृतीशी जुळली की अर्धा व्हायवा निघतो.

साहित्यचोरीची तपासणी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, १० ते ४० मध्ये असलात तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं. तुमच्या विद्यापीठाचं यावरचं परिपत्रक वेगळं असेल तर तेच पाळा. जास्तीत जास्त साम्य मेथड्समध्ये निघतं, कारण एमसीआयएमची कृती सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेली असते. तुम्ही प्रत्यक्ष जे केलंत ते लिहा, म्हणजे टीएसबी किती अंशांवर आणली, प्लेटमध्ये किती मिली ओतलं, कोणत्या बॅचला कोणता क्यूसी. मग वाक्यं आपोआप वेगळी होतात आणि साम्य उतरतं.

मंजुरीपत्र आणि मास्टर चार्ट परिशिष्टात, रुग्णाचं नाव आणि ओपीडी नंबर काढून. फोटोत एकाच आयसोलेटच्या एमसीआयएम-ईसीआयएम डिस्क शेजारी, बाजूला मोजपट्टी, आणि त्याच दिवशीच्या १७०५ आणि २१४६ चा फोटो त्याच पानावर. काळ्या कापडावर प्लेट ठेवून तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश मारला की १७ मिमीमधल्या बारीक वसाहती दिसतच नाहीत.